पिवळी पट्टी सोडण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय पूर्वी शिवणकारखान्यात तयार शर्ट तपासणे आणि सध्या बाग, लिहून ठेवते की हे माझं शेवटचं मृत्युपत्र आहे. ते मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, हे गल्लीत कोणालाही विचारावं. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं आहे. किती दिवस, ते त्या सांगत नाहीत. पण यंदा टोमॅटोचं बी पेरू का, असं मी विचारलं, तेव्हा "पेरा" म्हणायला त्यांनी जरा वेळ लावला.

सहा वर्षांमागे केलेलं माझं मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं. त्यात सुनेविषयी एक वाक्य होतं. ते टाइप करताना वकिलांच्या कारकुनाने दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. त्या वाक्याचा निकाल पुढे लावला आहे.

१. आधी माझी माणसं. नवरा लवकर गेला, मुलगा तेव्हा चौथीत होता. तो एकच. मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. दहा वर्षांपूर्वी, आठ एप्रिलला, अकरा दिवसांच्या तापाने गेला. वय एकतीस. धाकटी बहीण आहे, आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. आणि सून आहे. तिने नंतर दुसरं लग्न केलं, त्यामुळे कायद्याने ती माझी कोणी लागत नाही, असं वकील म्हणतात. या कागदात जिथे जिथे 'सून' असा शब्द येईल तिथे तीच समजावी. दुसरी सून मला नाही आणि आता होणारही नाही.

२. बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र बहिणीला. ठेव तिने खर्च करावी. एखादी गोष्ट जपून ठेवण्याचं काम आमच्या घरात मी एकटीने सगळ्यांच्या वाटचं केलं आहे. त्यातून काय निघतं ते सहाव्या मुद्द्यात वाचावं.

३. भाच्याला आधीच्या मृत्युपत्रात घर दिलं होतं. मागच्या वसंतात तो मापाची टेप घेऊन मागच्या अंगणात आला आणि म्हणाला, "मावशी, इथे एकदा सिमेंट टाकलं ना, की दोन गाड्या आरामात बसतील." मी तेव्हा पालकाचं बी पेरत होते आणि तो त्याच वाफ्यात बूट घालून उभा होता. मुलगा वाईट नाही. आजारपणात दोनदा औषधं आणून दिली आहेत. पण पायाखाली काय आहे ते बघायची सवय नाही. ती टेप तो इथेच विसरून गेला. ती त्याला द्यावी.

४. बी-बियाणं. कपाटाच्या खालच्या खणात बटणांच्या बावीस डब्या आहेत, कारखाना बंद झाला तेव्हा आणलेल्या. झाकणावर आतल्या बियाचं नाव आणि साल लिहिलं आहे. बटणाच्या डबीत ओल शिरत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनं बी ओल्या फडक्यात गुंडाळून आधी उगवतं का ते बघावं, मगच वाफा अडवावा. या डब्या ज्या हातात पडतील त्या हातांसाठी थोडं लिहून ठेवते, कारण पाकिटांवर छापलेलं असतं ते लिहिणाऱ्याने माती बघितलेली नसते.

थंडी ओसरली म्हणून लगेच कुदळ घेऊन धावू नये. मूठभर माती दाबावी. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर माती तयार आहे. फुटला नाही, तर घरात बसून हत्यारांना धार लावावी. घेवड्याचं बी रात्रभर भिजवून बोटाच्या दोन पेरांएवढं खोल टाकावं. सात-आठ दिवस काही दिसत नाही. त्या दिवसांत माती उकरून बघू नये. मी दर वर्षी उकरते आणि दर वर्षी पस्तावते. मग एका सकाळी मातीला तडा जातो आणि घेवडा डोक्यावर ढेकूळ घेऊन, मान वाकवून वर येतो. हे मी चाळीस वर्षं बघत आले आहे आणि अजून ते बघायला चप्पल न घालता बाहेर जाते. टोमॅटोची रोपं सुतळीने बांधू नयेत, देठ कापला जातो. शर्टांच्या कापडाच्या चिंध्यांची एक पिशवी दाराआड आहे, त्या वापराव्यात, आणि गाठ सैल ठेवावी. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, तर औषध आणायला धावू नये. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, पानं उलटून पुसावीत. वेळ लागतो. वसंतात बागेतल्या माणसाकडे दुसरं काम नसावं.

हे एवढं लिहिताना मला फार बरं वाटलं. म्हणून थोडं लांबलं.

५. शेजारच्या निवृत्त नर्सबाई या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असा नियम आहे. त्यांचं मांजर माझ्या वाफ्यांतून इतकी वर्षं हवं ते घेत आलंच आहे. दुसरे साक्षीदार रोपवाटिकेवाले. त्यांना माझी जुनी झारी आवडते, म्हणून ती मी जिवंतपणीच त्यांच्या हातात दिली. बुडाला भोक आहे हे त्यांना माहीत आहे.

६. आता गुलाब.

मागच्या अंगणात नळाजवळ मी जंगली गुलाबाचा एक खुंट लावला होता. जंगली गुलाब काटक असतो, कुठेही वाढतो, पण फुलं बारीक, पांढरी, वर्षातून एकदाच. म्हणून त्याच्या सालीला चीर देऊन चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, आत सरकवतात आणि वरून पट्टी गुंडाळतात. दीड महिन्याने डोळा धरला की पट्टी सोडायची, नाहीतर ती फांदीला आवळते. आणि पट्टीच्या खालून खुंटाला जे फुटवे येतील ते दिसताक्षणी कापायचे, नाहीतर खुंट सगळं स्वतःच खातो आणि वरचं उपाशी मरतं. फुटवा ओळखायला सोपा. आमच्याकडच्या चांगल्या गुलाबांच्या देठावर पाच पानं असतात, या जंगलीच्या देठावर सात. गल्लीत ज्याने ज्याने गुलाब लावला त्याला हे मी शिकवलं आहे. "मोजा," असं मी म्हणायचे. शिवणीत इंचाला किती टाके, ते मी एकतीस वर्षं मोजलं. पानं मोजायला कितीसा वेळ लागतो.

दहा वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या रविवारी माझ्या मुलाने त्या खुंटावर डोळा भरला. त्या आधीचे दोन रविवार तो रोपवाटिकेत जाऊन हे शिकला होता आणि खास चाकूही घेऊन आला होता. तो ज्या इमारतीची लिफ्ट बघायचा तिथल्या पहारेकऱ्याने त्याला केशरी गुलाबाची एक फांदी दिली होती. रोपवाटिकेवाल्याने दिलेली प्लास्टिकची पट्टी हा बसमध्ये विसरून आला, म्हणून कामाच्या पिशवीतली पिवळी चिकटपट्टी काढली, तारांना गुंडाळतात ती. "आई, खुंट तुझा, डोळा माझा," असं म्हणाला. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, सतरा एप्रिलच्या चौकोनात, 'पट्टी सोडणे' असं लिहिलं. अक्षर त्याचं लहानपणापासून वाईट.

आठ एप्रिलला तो गेला. सतराला घर माणसांनी भरलेलं होतं, पट्टीची आठवण कोणाला होणार. मला झाली ती महिन्याअखेर. डोळा फुटला होता, बोटभर लालसर कोंब आला होता. मी कात्री घेऊन नळापाशी बसले. पट्टीचं टोक त्याने नीट दाबून आत घेतलं होतं, तारांना गुंडाळताना घेतात तसं. त्याने या जगात शेवटची बांधलेली गोष्ट ती होती. मला ती कापवेना. उद्या कापू म्हटलं, कात्री पुसली आणि आत आले. तो उद्या काही आला नाही.

त्या वर्षी शरदात त्या फांदीवर तीन फुलं आली. केशरी, कडेला फिकट पिवळी. मी घरात फर्मान काढलं की या झाडाला कोणी हात लावायचा नाही. घरात म्हणजे मी आणि सून. ती तेव्हा माझ्याबरोबर याच घरात राहत होती.

पुढच्या वर्षी सतरा एप्रिलला सकाळी मी बाहेर आले, तर सून नळापाशी उकिडवी बसलेली. हातात त्याचा चाकू. खालून आलेला एक फुटवा तिने कापून टाकला होता आणि वरच्या फांदीचा शेंडा कापून ओल्या रुमालात गुंडाळला होता. मी विचारलं, काय चाललंय.

"आई, फांदी वाळत चाललीय. ही पट्टी बघा, आत रुतलीय. आणि हे सगळं खालचं जंगली आहे, सात पानांचं. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"चाकू ठेव खाली."

"पट्टी तरी सोडू द्या. त्यांनीच लिहून ठेवलंय कॅलेंडरवर. एक वर्ष उशीर झालाय, आई."

मी म्हणाले, "त्याच्या हातची शेवटची गाठ सोडायची एवढी घाई झालीय तुला? ती सोडली की तू मोकळी, असंच ना?"

हे मी बोलले. शब्द हेच होते. मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

 मी तिच्या हातातून चाकू ओढला आणि त्या ओढाओढीत तिचा तळहात चिरला. उजवा. मी तिला फडकंसुद्धा दिलं नाही. ती तशीच मूठ आवळून शेजारी नर्सबाईंकडे गेली. चार टाके पडले असं मागाहून कळलं. त्याच दुपारी ती एक बॅग आणि तो रुमाल घेऊन निघून गेली. मी पायरीवरचं रक्त धुतलं आणि गल्लीत सांगत सुटले की जाताना बयेने माझ्या मुलाच्या झाडाची फांदी चोरून नेली. तीन वर्षांनी तिने लग्नाचं बोलावणं धाडलं. ते मी पाकीट न फोडता परत पाठवलं.

ती गेली त्याच उन्हाळ्यात वरची फांदी वाळली. त्याच्या पुढच्या वसंतात झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. मी म्हणाले, झाडाने दुःखाने रंग सोडला. ऐकणारे हो म्हणाले. मग दर वसंतात मी त्याच्या भोवतीची माती भुसभुशीत केली, कुजलेलं खत घातलं, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घातलं, आणि कोणी छाटणीची गोष्ट काढली तर त्याचं तोंड बंद केलं.

यंदा फेब्रुवारीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये मी छोटं स्टूल घेऊन नळापाशी तण काढायला बसले आणि झाडाच्या गर्दीत आत मला काहीतरी पिवळं दिसलं. पट्टी होती. पट्टीच्या वर करंगळीएवढा वाळका खोडका. झाडाची प्रत्येक हिरवी फांदी पट्टीच्या खालून निघालेली होती. मी एक देठ हातात घेतला आणि पानं मोजली. सात. दुसरा घेतला. सात. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी मोजत होते.

हे मोतीबिंदूवर ढकलता येईल. पण मोतीबिंदू पाच वर्षांचा आणि झाडाचं जंगलीपण नऊ वर्षांचं. इतकी वर्षं मला पानं दिसत नव्हती असं नाही. मी मोजली नाहीत. त्या झाडात माझ्या मुलाचं काही उरलेलं नाही. त्याने बांधलेली गाठ जपण्यापायी त्याने भरलेला डोळा मीच मारला, आणि ज्या एका माणसाने हे मला तोंडावर सांगितलं तिला मी घराबाहेर काढलं. माझं काळीज फाटलं आहे. डॉक्टरीणबाई त्याला झडप म्हणतात.

७. या झाडाच्या फांद्या मी दर वसंतात 'माझ्या मुलाचा गुलाब' म्हणून गल्लीत वाटत आले. चौदा घरांत तो लावलेला आहे. त्या चौदांपैकी निदान दहा जणांना पानं मोजायला मीच शिकवलं होतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी सगळ्यांनी लावला, आणि मी दारावरून जाताना "कसा आहे?" असं विचारलं की "छान फुटलाय हो, बाई" असं सांगत राहिले. इस्त्रीवाल्याच्या दाराशी जागा केवढी, तिथली जाईची कुंडी उचलून त्याने मागे ठेवली आणि पुढे माझा खुंट लावला. नऊ वर्षं या लोकांनी माझ्यासाठी काटे पोसले. त्यांच्यावर रागवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. त्या सर्वांना मी या कागदाने मोकळं करते. झाड खुशाल उपटावं. जाई पुढे आणावी.

८. घर, मागचं अंगण, वाफे, नळ, बटणांच्या डब्या, हत्यारं आणि घरातली प्रत्येक वस्तू, वर वेगळी नेमून दिलेली सोडून, मी सुनेला देत आहे. कोणतीही अट नाही. तिने राहावं, विकावं, भाड्याने द्यावं. सिमेंट टाकलं तरी माझी तक्रार नाही. आधीच्या मृत्युपत्रातलं वाक्य असं होतं: 'या घरातला चमचासुद्धा तिला मिळू नये.' म्हणून वेगळं नमूद करते. चमचे तेवीस आहेत, आज सकाळी मोजले. सगळे तिचे.

मृत्युपत्रात माफी मागता येते का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तशी तरतूद नाही, पण बंदीही नाही. तेव्हा मागते. ती देण्याचं बंधन तिच्यावर नाही.

९. मुलाचा चाकू सुनेला. नळाजवळच्या कोनाड्यात आहे, धार लावून, तेलाने पुसून ठेवला आहे. जंगली खुंट मुळासकट उपटून टाकावा.

इथपर्यंत बारा एप्रिलला लिहून झालं. पुढचं सतरा एप्रिलला लिहिलं आहे. शाई वेगळी आहे, लिहिणारी तीच.

१०. तेरा तारखेला रोपवाटिकेवाले साक्षीदार म्हणून सही करायला आले. न वाचता सही करू नका, असं मीच म्हटलं, म्हणून ते वाचायला बसले. वाचून झाल्यावर त्यांनी पेन उचललं नाही.

"बाई, सहावा मुद्दा बरोबर नाही."

"एक शब्द खोटा नाही त्यात."

"खोटा नाही. अर्धा आहे." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "त्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली होती. हाताला हे एवढं बँडेज. रुमाल पुढे केला आणि म्हणाली, काका, याचं काही होईल का? मी चार डोळे काढले, चार खुंटांवर भरले. तीन गेले. एक धरला."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, तिच्या गॅलरीत आहे. तिसऱ्या मजल्यावर. पिंप अर्धं कापून त्यात लावलाय. वसंत आला की मी जातो छाटणीला. केशरी फुलं, कडेला पिवळी."

"नऊ वर्षं मला खताची पोती आणून देता, आणि हे बोलला नाहीत?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईंना सांगू नका. त्यांना हे सांगितलं, तर त्यांचं झाड मेलंय हेही सांगावं लागेल."

मी उठून बाहेर गेले आणि नळ सोडला. पाणी कशालाच नको होतं. थोड्या वेळाने बंद करून आत आले. ते तसेच बसले होते.

"जिवंतपणी बोला तिच्याशी," ते म्हणाले. "मेल्यावर तुमचा कागद घेऊन ती कोणाशी बोलणार?"

"माझ्याने नाही व्हायचं ते."

"मग मी काय सांगू तिला?"

मी म्हणाले, "विचारा, एक फांदी मिळेल का."

नऊ वर्षं जिला एका फांदीपायी चोर म्हटलं, तिच्यापुढे एका फांदीसाठी हात पसरला. हे मी लाजेने लिहीत नाही. फक्त नोंद राहावी.

११. आज सकाळी रोपवाटिकेवाले फांदी घेऊन आले. ओल्या रुमालात होती. रुमाल ओळखीचा होता, कारखान्यातल्या नाकारलेल्या कापडाचा, कडा मी शिवलेल्या. सून बरोबर आली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती आणि कामाला उशीर होतो म्हणून तिथूनच परतली, असं ते म्हणाले. तिचं काम दुपारचं असतं. मला माहीत आहे, मी या वर्षांत तिची सगळी खबर ठेवली आहे. ती माझ्या दारापर्यंत येऊ शकत नाही, हे माझंच शिक्षण.

खुंट उपटायला त्यांनी नकार दिला. "मनगटाएवढा झालाय, बाई. असला खुंट विकत मिळत नाही. नऊ वर्षं पोसलात, आता त्याच्याकडून काम करून घेऊ." म्हणून नवव्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य रद्द समजावं.

त्यांनी झाड छाटून दोन दांडे ठेवले. मग दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी पिवळी पट्टी सोडली. टोक नखाने उचकटलं. चिकटपणा केव्हाच गेला होता, आतून बुरशीचा वास आला. फेरे मोजले, सहा होते. शेवटचा फेरा सुटला तेव्हा वाळका खोडका माझ्या हातातच मोडला. आत काहीही नव्हतं. काहीतरी असेल असं मला वाटत होतं, ते काय ते आता सांगता येणार नाही. मी रडले. नर्सबाईंनी मला पाठीमागून धरलं. पट्टी टेबलाच्या खणात एका बशीत आहे. ती टाकून द्यावी असं मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मला टाकवणार नाही. ती सुनेने टाकावी.

१२. आज त्या दोन दांड्यांवर सुनेच्या गुलाबाचे दोन डोळे भरले. चीर रोपवाटिकेवाल्यांनी दिली. पट्टी या वेळी साधी, प्लास्टिकची, आणि ती मी बांधली. गाठी पक्क्या आहेत. दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि यंदाचं लावलं. एकतीस मेच्या चौकोनात मी लिहिलं आहे, 'पट्टी सोडणे'. अक्षर माझंही फार बरं आलेलं नाही.

एकतीस मे रोजी या दोन्ही पट्ट्या सुनेने सोडाव्यात. दुसऱ्या कोणी हात लावू नये, रोपवाटिकेवाल्यांनीही नाही. गाठी माझ्या हातच्या आहेत. त्या सोडताना तिने कसलाही विचार मनात आणू नये. त्यानंतर दर आठवड्याला खालचे फुटवे बघावेत आणि पानं मोजावीत. मागचं दार नुसतं लोटलेलं असेल. या मुद्द्याची एक नक्कल आजच रोपवाटिकेवाल्यांच्या हाती तिच्याकडे पाठवत आहे. मी हयात असले तरी ही अट लागू राहील.

ठिकाण: मागचं अंगण, नळाशेजारी.

तारीख: सतरा एप्रिल.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: रोपवाटिकेवाले. सगळा कागद वाचला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: शेजारची निवृत्त नर्स. सही माझ्यासमोर झाली. सहाव्या मुद्द्यात एक दुरुस्ती आहे. टाके चार नव्हते, सहा होते. बाकी मजकूर बरोबर.